तुमच्या मताचा आदर आहे

दिल्या, तू गेल्यापासून जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलतोय आणि मला ते सहन होत नाही. तू मनमिळाऊ होतास म्हणे. तू कधी कुणाला दुखावलं नाहीस म्हणे. परवा मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला फोनवर सांगितलं की दिलीपरावांच्या तोंडून कधी वाकडा शब्द ऐकला नाही. तीस वर्षं तुझ्या गाडीत तुझ्या शेजारी बसून मी जे ऐकलं, त्यातले निम्मे शब्द सरळ करायला एक जन्म पुरणार नाही. तरी मी म्हणालो, हो, खरं आहे. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मला गाडी चालवता येत नाही, हे आपल्या मैत्रीचं मूळ. चार वेळा टेस्ट दिली आणि चारही वेळा नापास झालो. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये गाडी न येणारा माणूस म्हणजे पोहता न येणारा कोळी, असं तू सगळ्यांना सांगायचास. आपण एकाच कंपनीत एकाच मजल्यावर प्रोग्रॅम लिहीत होतो, म्हणून सकाळी तू मला न्यायचास आणि संध्याकाळी आणून सोडायचास. नोकऱ्या संपल्या तरी हा क्रम संपला नाही. मग लायब्ररी, देऊळ, मंडळाचे कार्यक्रम सुरू झाले. तू एका पक्षाचा सभासद आणि मी त्याच्या बरोबर समोरच्या. कौन्सिलच्या निवडणुका आल्या की तुझ्या डिकीत दोन पिशव्या असायच्या, एक तुझ्या पत्रकांची, एक माझ्या. रस्त्याच्या एका बाजूची घरं तू घ्यायचास, दुसऱ्या बाजूची मी, आणि टोकाला पोचलो की बाजू बदलायच्या. एकदा पिशव्यांची अदलाबदल झाली आणि तू अख्खी गल्ली माझ्या पक्षाची पत्रकं वाटत गेलास. लक्षात आल्यावर डोक्याला हात लावलास, पण दिलेलं परत घ्यायचं नसतं म्हणून एकही पत्रक मागे आणलं नाहीस. ती गल्ली आम्ही जिंकली, असं मी तुला पुढे कायम ऐकवत राहिलो. मतं गल्लीवार मोजत नाहीत, असं तू मला कायम ऐकवत राहिलास.

इथले रस्ते पट्टीने आखलेले आणि दर दोन मिनिटांनी एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. माझ्या घराकडे वळण्याआधीच्या शेवटच्या राउंडअबाउटला तू एक नियम लावला होतास. वाद अर्धा असेल तर एक्झिट घ्यायचं नाही. समोरच्याचं म्हणणं काय आहे, ते त्याला पटेल अशा शब्दांत आधी आपण सांगायचं, आणि ते जमेपर्यंत गाडी गोल फिरत राहणार. मग पुढे गाढव, मूर्ख, बैल, काय म्हणायचं ते म्हणायला मोकळीक होती. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर एकदा नऊ चकरा झाल्या आणि मागून पोलिसांची गाडी आली. त्या तरुण पोलिसाने खिडकीशी वाकून विचारलं, तुम्ही हरवला आहात का. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "नो ऑफिसर, ओन्ली हिम." त्याने मला पाणी हवं का विचारलं. घरी पोचेपर्यंत तू हसत होतास आणि मी तुझ्याशी बोलत नव्हतो, ते साधारण पुढच्या सकाळपर्यंत.

आपला सगळ्यात जुना वाद लंडनमधल्या क्रॉयडनचा. इथे येऊन फार दिवस झाले नव्हते. व्हिसा वाढवायला आपण दोघं गेलो होतो, आणि त्या ऑफिसबाहेरच्या रांगेत माझ्या लक्षात आलं की माझे फोटो चुकीच्या मापाचे आहेत. मी स्टेशनकडे पळालो. पाऊण तास तू माझी जागा धरून उभा राहिलास. मागचा माणूस ओरडायला लागला तेव्हा तू तुझ्या त्या वेळच्या पुणेरी इंग्रजीत त्याला सांगितलंस की माझा मित्र रांगेतच आहे, फक्त त्याचं शरीर गैरहजर आहे. परत आलो तेव्हा आजूबाजूची माणसं हसत होती आणि तो ओरडणारा माणूस माझ्यासाठी मागे सरकला. त्या दिवशी आपल्या दोघांचं काम झालं. त्या एका रांगेतून आपण उलटसुलट शहाणपण घेतलं. तू म्हणायचास, नियमाने रांगेत उभं राहिलं की मिळतं, तेव्हा रांग सगळ्यांना सारखी हवी. मी म्हणायचो, जागा धरणारा कोणी असेल तर मिळतं, आणि ज्याला तसा कोणी नाही त्याचं काय. मी म्हणायचो, तू माझ्यासाठी रांग मोडलीस. तू म्हणायचास, मोडली नाही, धरली. यावर किती पेट्रोल गेलं असेल देव जाणे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागातल्या एका हॉटेलात आश्रय मागायला आलेल्या लोकांना ठेवलं. हॉटेलसमोर घोषणा सुरू झाल्या. खांबाखांबावर इंग्लंडचे झेंडे लागले. आपल्या राउंडअबाउटवर कुणीतरी त्या झेंड्यावरचा लाल क्रॉस भला मोठा रंगवून ठेवला. गाडी त्याच्या जवळून गेली की मी पाय वर उचलायचो आणि तू हसायचास. मग ते हॉटेल बंद करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर तू सही केलीस. इथवर मला नवल वाटलं नाही. पण तू तो अर्ज मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस की आपण रांगेत उभे राहून आलो, यांनीही रांगेतून यावं.

त्या संध्याकाळी तू मला न्यायला येणारच होतास. चार तास थांबलो असतो तर गाडीतच बोललो असतो. थांबलो नाही. ग्रुपवर लिहिलं, "पहिल्या पंगतीला जेवून उठलेले दिलीपराव आता दुसऱ्या पंगतीची पानं उचलतायत." वाक्य झकास जमलं होतं, हे मी आजही नाकारत नाही. गाडीत म्हणालो असतो तर तू मला गाढव म्हणाला असतास, आणि दुसऱ्या पंगतीला भात पुरणार आहे का ते आधी आचाऱ्याला विचारून ये, असं काहीतरी सुनावलं असतंस. पण ग्रुपवर दीडशे माणसं होती. धडाधड हसरे चेहरे यायला लागले. कुणीतरी ते वाक्य उचलून आणखी दोन ग्रुपवर नेलं, आणि ज्यांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं ते तुला पंगतवाले काका म्हणायला लागले. हे मला फार नंतर कळलं. त्या दुपारी मात्र मी फोन हातात घेऊन आणखी कोण हसलं ते बघत बसलो होतो.

संध्याकाळी तुझी गाडी आली नाही. ग्रुपवर तुझं उत्तर आलं: "विनायकराव, तुमच्या मताचा आदर आहे."

दिल्या, तीस वर्षांत तू माझ्या एकाही मताचा आदर केला नव्हतास, म्हणून तर मी तुझ्याशी बोलत होतो. तू मला नालायक म्हणाला असतास तर मी चालत तुझ्या घरी आलो असतो. विन्याचा विनायकराव झाला तेव्हा कुठे जायचं तेच कळेना. आपल्या भाषेत माणसाला घराबाहेर काढायला शिवी लागत नाही, अहो म्हटलं की पुरतं. लोकांना मात्र ते उत्तर फार आवडलं. दिलीपरावांनी किती सभ्यपणे विषय संपवला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाच्या अध्यक्ष मंजिरीबाईंनी नियम काढला की यापुढे ग्रुपवर राजकारण नको, फक्त कार्यक्रम, शुभेच्छा आणि हरवले-सापडले. दीडशे जणांनी अंगठे दाखवले. त्यांत माझाही होता.

तुलाच सगळा दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्यानंतर एका शनिवारी मी त्या हॉटेलसमोर गेलो, आमच्या बाजूच्या लोकांत उभा राहिलो आणि पोलिसांच्या पलीकडे उभ्या असलेल्या लोकांवर घसा बसेपर्यंत ओरडलो. ते आमच्यावर ओरडत होते. त्यांच्यातली एक बाई आमच्या फार्मसीत काम करते, दर महिन्याला माझी औषधं तीच देते. ती काय ओरडत होती ते मला ऐकू आलं नाही आणि मी ओरडत होतो ते तिला. ओरडताना बरं वाटलं, हे कबूल करतो. परत येताना बसमध्ये बसलो आणि हे सांगायचं कुणाला ते कळेना, कारण ज्याने मला त्यावर दोन तास झोडपलं असतं तो माझ्या मताचा आदर करत होता.

गणपतीत भेटलो. तू म्हणालास, कसं काय, मी म्हणालो, बरं आहे, तुम्ही कसे. संक्रांतीला तू मला तिळगूळ दिलास आणि गोड बोला म्हणालास. आजवर माझ्याशी गोड बोलायची तुझी छाती झाली नव्हती. मधल्या काळात तू रेडवेवरचं, त्या लाल पायवाटेवरचं, सकाळचं फिरणं बंद केलंस. मीही त्याच वाटेने चालतो हे तुला ठाऊक होतं, तेव्हा तू मला टाळतोयस हे मी धरूनच चाललो. मलाही अभिमान आहे म्हटलं. मी माझी वेळ बदलली नाही, आणि तुझ्या दारावरून जाताना एकदाही बेल वाजवली नाही.

मग नंदिनीवहिनींचा फोन आला आणि मी हॉस्पिटलमध्ये आलो. वॉर्डाच्या दारातच वहिनींनी मला थांबवलं. "भावजी, आज पॉलिटिक्स नको हं. ते फार टायर्ड होतात." मी शहाण्या मुलासारखी मान हलवली. तू खूप बारीक झाला होतास. माझ्याकडे बघून तू म्हणालास, "या विनायकराव. पार्किंग मिळालं का?"

मला गाडी येत नाही, दिल्या. मी दोन बस बदलून आलो होतो. आणि मी म्हणालो, "हो, लगेच मिळालं."

तू ते सवयीने विचारलंस, की औषधाच्या गुंगीत, की माझी खोड काढत होतास, हे मला आता कधीच कळणार नाही. मला वाटतं तू खोड काढत होतास. तू माझ्याकडे चेंडू टाकलास आणि मी तो अदबीने बाजूला ठेवला. मग आपण हॉस्पिटलच्या सुपाबद्दल बोललो. हवेबद्दल बोललो. तासभर दोन म्हातारे एकमेकांशी इतकं छान वागले की शेजारच्या कॉटवरच्या गृहस्थांना आपण व्याही वाटलो असू. मी निघायला उठलो तेव्हा तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "विन्या, ते हॉटेलचं मी जे लिहिलं होतं ना, त्यात..."

मी म्हणालो, "आता नको. तू आराम कर. नंतर बोलू."

किती महिन्यांनी तू मला विन्या म्हणाला होतास. तू बोलायला निघाला होतास आणि मी सभ्यपणा केला. तू डोळे मिटलेस. पाचव्या दिवशी वहिनींचा पुन्हा फोन आला. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मी तेव्हापासून शोधतोय.

शोकसभेच्या आधी मंजिरीबाईंनी मला फोन केला. तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र, तुम्ही बोलाच, म्हणाल्या, पाच मिनिटं, आणि प्लीज, तो विषय टाळा, फॅमिलीसाठी. बाई मनाने चांगल्या आहेत. मी हो म्हणून टाकलं आणि दोन दिवस बसून तुझ्यावर पाच मिनिटांचं गोड भाषण लिहिलं. त्यात तू हसतमुख होतास, परोपकारी होतास, चहा उत्तम करायचास. चहाचं तर धादांत खोटं होतं. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो, कागद उघडला, आणि कागदावरचा तो गुळगुळीत मेलेला माणूस माझ्याच्याने वाचून दाखववेना. हा माणूस जर शोकसभेतून घरोघरी गेला, तर माझा दिल्या उरलाच कुठे? मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मी म्हणालो की दिलीप आणि मी तीस वर्षं भांडलो, आणि शेवटचे काही महिने भांडायचे थांबलो, त्याला आम्ही दोघं जबाबदार आहोत आणि तुम्ही टाळ्या वाजवणारेही. खुर्च्या करकरल्या. मी म्हणालो की त्याचं म्हणणं मी आधी मांडणार आहे आणि मग ते का चूक होतं ते सांगणार आहे, कारण त्याच्या गाडीत असाच नियम होता. मग क्रॉयडनची रांग सांगितली. रांग सगळ्यांना सारखी, नियम पाळणाऱ्याला न्याय, आधी आलेल्यांच्या कष्टाला किंमत. मी ते मनापासून मांडलं, तू खिडकीशी बसून ऐकतोयस अशा बेताने. दोघंजण उठून बाहेर गेले. मंजिरीबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी खंडनाला सुरुवात करणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुझी रेवा उठली.

तुझी लेक इथेच जन्मली, शाळेत शिकवते, आणि देवापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तू म्हणते. हे मंडळातल्या थोरांना खटकतं. ती सरळ मला म्हणाली, "विनायककाका, तू बाबाची आर्ग्युमेंट चुकीचा सांगितला."

मी म्हटलं, मग तू सांग.

"रांगेचा ते सगळं त्याची पब्लिक व्हर्जन होता," ती म्हणाली. "ऑटममध्ये रेडवेवर एक व्हॅन स्लो झाली आणि कुणीतरी त्याला म्हणाला, गो बॅक टू युअर हॉटेल. त्याने मम्मीला नाही सांगितला, फक्त मला सांगितला. मग तो वॉकला जायचा बंद झाला. तो म्हणायचा, त्या लोकांना डिफरन्स दिसत नाही, मी आणि हॉटेलमधला माणूस, सेमच. ते हॉटेल गेला तर ते ओरडणारे लोक पण घरी जातील आणि आपल्याला सोडून देतील. ही वॉज स्केअर्ड, काका. अर्जावर सही केली ना, तेव्हापासूनच स्केअर्ड होता. आणि त्याला ते तुलाच सांगायचा होता. बिकॉज तू एकटाच बोलला असतास की 'दिल्या, दिस इज रबिश.'"

वहिनी रडत होत्या. त्यांना हे त्याच क्षणी कळत होतं, सगळ्यांदेखत. माझी पाच मिनिटं केव्हाच संपली होती. मंजिरीबाईंना मी दोष देत नाही, त्यांनी पुढे होऊन माइक बंद केला. रेवा उभीच होती, माझ्या उत्तराची वाट बघत. मी तिला म्हणालो, मला थोडे दिवस दे. ती म्हणाली, ओके, बट नॉट टू लाँग. तुझीच मुलगी.

त्यानंतर ग्रुपवर माझ्याबद्दल बरंच आलं. शोकसभेत राजकारण आणलं, मेलेल्या माणसालाही सोडलं नाही, संस्कार नाहीत. मंजिरीबाईंनी कळवलं की माझं वागणं कमिटीसमोर ठेवलं जाईल. ठेवू दे. मी माफी मागणार नाही. कमिटीपुढे उभं केलं तर तिथेही हेच बोलेन, आणि ज्यांना माझं पटत नाही त्यांना म्हणेन की अंगठे नकोत, घरी या, चहा मी करतो, आणि मला गाढव म्हणा. फार्मसीतल्या त्या बाईंनाही मी परवा विचारलं की त्या शनिवारी तुम्ही काय म्हणत होता. त्या चपापल्या. मग म्हणाल्या, माझी शिफ्ट चारला संपते. त्यांच्याशी जे बोलणं झालं त्यातलं मला एक अक्षर पटलं नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा भेटणार आहोत.

आता तुला द्यायचं उत्तर. रेवाला हे लिहून पाठवलंय, पण ते मुळात तुझ्यासाठी आहे. दिल्या, हॉटेल रिकामं झालं असतं म्हणून तो व्हॅनवाला तुला सोडून गेला नसता. त्याला हॉटेल नको होतं असं नाही, त्याला त्या वाटेवर तू नको होतास. तू दुसऱ्याला पुढे करून स्वतः सुटायला बघत होतास, आणि असं कधी कुणी सुटलेलं नाही. त्या सकाळी तुझ्याबरोबर चालायला एक माणूस हवा होता. तो तीनशे पावलांवर राहत होता, रोज त्याच वाटेने चालत होता, आणि तू आपल्याला टाळतोयस म्हणून मान वर करून तुझ्या दारावरून पुढे जात होता.

तू चूक होतास, दिल्या. आणि तू घाबरला होतास तेव्हा मी तुझ्याजवळ असायला हवा होतो. दुसऱ्या गोष्टीसाठी मी जन्मभर तुझी माफी मागत राहीन. पहिली मी मागे घेणार नाही.